बसण्णाकाकांची रेल्वे आणि माझं पब्लिसिटी खातं

आमच्या घरातली रद्दी कधी विकली जात नसे, कारण त्यातली निम्मी अप्पांनीच लिहिलेली असायची. पिवळी, गुलाबी, फिकट हिरवी पत्रकं. नळाला पाणी नाही, त्याचं पत्रक. रॉकेलवाल्यानं माप मारलं, त्याचं पत्रक. शाळेचं गळकं छप्पर, बसचं भाडं, लग्नातला हुंडा, प्रत्येकाच्या वाट्याला एकेक कागद यायचा आणि प्रत्येक कागदाच्या तळाशी अप्पांचं पूर्ण नाव आणि आमच्या घराचा पत्ता असायचा. निनावी पत्रक म्हणजे अंधारातून मारलेला दगड, असं ते म्हणत. शाळेत ते मराठी शिकवायचे आणि शाळा सुटली की सायकल काढून दाजीबानपेठेतल्या एका छापखान्यात जायचे. परत येताना बोटांना शाई लागलेली आणि अंगाला छपाईचे खिळे पुसायच्या रॉकेलचा वास. आई म्हणायची, "ज्याच्यावर लिहिता त्या रॉकेलवाल्याला तरी कमी वास येतो की!" मी पहिल्यांदा वाचलेले दोन शब्द 'जाहीर निषेध' होते असं घरात सांगतात. खरंखोटं मला आठवत नाही, पण उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी शाळेतली सगळी गणितं सोडवली, आणि शेंगाचटणीच्या तेलाचे डाग पडलेले अन्याय वहीला कव्हर म्हणून घातले, हे पक्कं आठवतं.

आमची गल्ली हुबळीच्या स्टेशनामागे होती. सकाळी वर्कशॉपचा भोंगा झाला की आई कुकर चढवायची, दुसरा भोंगा झाला की उतरवायची. दिवसभर यार्डात डबे एकमेकांवर आपटत राहायचे. पाहुणे दचकायचे, आम्हाला तो आवाज थांबला की जाग यायची. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर कन्नड, आणि पायरीवर बसून शेंगा फोडताना दोन्ही. एक वाक्य एका भाषेत सुरू करून दुसरीत संपवलं तर कुणी मागे वळून बघत नसे. आपल्याला दोन भाषा येतात असं आम्हाला वाटतच नसे. आपल्याला बोलता येतं, एवढंच वाटायचं. या वाटण्यानंच पुढे माझा घात केला, पण ते मग.

भिंतीला भिंत लावून बसण्णाकाका आणि कमलक्का राहायचे. काका रेल्वेच्या स्टोअरमध्ये कारकून होते. उंच, सडपातळ माणूस. दार उघडताना आधी कडी पुसायचे, मग उघडायचे. त्यांच्या बाहेरच्या खोलीत तीन भिंतींना फळ्या होत्या आणि फळ्यांवर जुनी रेल्वे राहायची. लाल-हिरव्या काचांचे हातकंदील, गार्डाच्या शिट्ट्या, पुठ्ठ्याची जाड तिकिटं, पितळी बटणं, एका बंद पडलेल्या स्टेशनाची घंटा. काही त्यांनी भंगाराच्या लिलावातून घेतलेली, काही निवृत्त माणसांनी दिलेली. रविवारी ते सगळं पितळ उतरवून चिंचेनं घासायचे. कुणी विचारलं की हसून म्हणायचे, "इदु नन्न हव्यास." म्हणजे, हा माझा छंद. मी हे वाक्य एवढ्या वेळा ऐकलं होतं, की तो शब्द मला काकांच्या घरातल्या वस्तूसारखाच वाटायचा, घासून लख्ख केलेला.

एका दिवाळीला त्यांच्या मुलानं बेंगळुराहून कॉम्प्युटर आणून दिला. आमच्या गल्लीतला पहिला. कमलक्कानं त्याच्यासाठी पोपट भरलेलं झाकण शिवलं आणि शुक्रवारी त्याला कुंकू लावायला सुरुवात केली. निवृत्ती जवळ आलेल्या बापाचा वेळ जावा म्हणून मुलानं त्यात एक खेळ टाकून दिला होता. आपण एका रेल्वे कंपनीचे मालक. समोर डोंगर, नदी आणि विखुरलेली गावं. रूळ टाकायचे, इंजिनं घ्यायची, गाड्या सोडायच्या, कंपनी चालवायची. गावांची नावं कुठल्या तरी लांबच्या देशातली होती. काकांनी पहिल्याच दिवशी बसून ती सगळी बदलली. हुबळी, धारवाड, अळणावर, गदग. "आपल्या गावावर आपली गाडी नको का?" असं म्हणून त्यांनी चष्मा पुसला आणि हुबळी ते धारवाड पहिला रूळ टाकला. ज्या माणसानं सगळी नोकरी दुसऱ्याच्या रेल्वेचे नट-बोल्ट मोजण्यात काढली, त्याला ती गाडी सुटताना बघायला हवं होतं. खुर्चीतून अर्धा उठायचा तो.

त्या खेळात पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक आडवी पट्टी असायची. लोकांचं आपल्या कंपनीबद्दल काय मत आहे, ते तिच्यावरून कळायचं. गाड्या वेळेवर धावल्या, भाडं कमी ठेवलं की ती हिरवी भरत जायची. गाडी उशिरा आली, अपघात झाला, रुळासाठी कुणाचं घर पाडलं की लाल व्हायची. हिरवी असेल तर गावं नव्या स्टेशनला आनंदानं जागा द्यायची. लाल झाली की कुणी दारात उभं करत नसे, मग तिजोरीत कितीही पैसा असो. काका त्या पट्टीला 'मर्यादि' म्हणायचे. कन्नडमध्ये मर्यादि म्हणजे मान, इभ्रत. संध्याकाळी मी गेले की आतूनच हाक यायची, "बारवा मंजू! मर्यादि एष्ट ऐति, नोडु." ये पोरी, मान किती उरलाय बघ. अप्पांनी हे एकदा ऐकलं आणि दारातूनच म्हणाले, "बसण्णा, आमच्या मराठीत मर्यादा म्हणजे कुंपण. तुमच्या कंपनीची मर्यादा वाढली म्हणजे चांगलं झालं म्हणायचं की वाईट?" दोघंही खूप हसले. मीही हसले. त्या हसण्यातून मी काही शिकायला हवं होतं.

मी नववीत होते, आणि ती पट्टी माझ्याकडे सोपवली गेली. गाड्या काका बघायचे, लोक मी बघायचे. 'पब्लिसिटी मेडम' असं ते मला म्हणायचे. पहिल्याच आठवड्यात मला एक गुपित सापडलं. कोपऱ्यात वर्तमानपत्राचं छोटं चित्र होतं. ते दाबलं, थोडे पैसे भरले की पट्टी दोन बोटं हिरवी व्हायची. गाड्या उशिरा असल्या तरी व्हायची. मी आनंदानं ओरडले. काकांनी माझा हात कॉम्प्युटरच्या उंदरावरून अलगद उचलला. "दाब, पण आधी त्या पेपरात काय छापणार ते लिहून दाखव," ते म्हणाले. "खरं असेल तर दाबायचं."

म्हणून मी लिहायला लागले. नसलेल्या गावांच्या नसलेल्या लोकांसाठी, अप्पांच्या उरलेल्या पत्रकांच्या पाठीवर. मला एकच तऱ्हा येत होती, त्यामुळे आमच्या स्वतःच्या कंपनीचं पहिलं निवेदनही 'जाहीर निषेध' असंच सुरू झालं. काका डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "निषेध याक? नम्मद कंपनी अल्लेनु?" अगं, कंपनी आपलीच आहे ना? मग हळूहळू हात बसला. 'अळणावरच्या बंधुभगिनींनो, तुमच्या गाडीला कालपासून एक डबा जास्त जोडला आहे.' काका ऐकायचे, खरोखर डबा जोडलाय का ते पडद्यावर बघायचे, मग मान हलवायचे आणि मी दाबायचे. कमलक्का मधेच गिरमिटाच्या, म्हणजे मसाला लावलेल्या चुरमुऱ्यांच्या, बशा आणून ठेवायची आणि विचारायची, "आजून हुबळीलाच आली नाही का तुमची गाडी?" वीज गेली की सगळी कंपनी अंधारात बुडायची. खेळ साठवून ठेवलेला नसला तर दुसऱ्या दिवशी आदल्या दिवशीचंच निवेदन पुन्हा.

एकदा अळणावरचा फाटा तोट्यात गेला. काका म्हणाले, बंद करू. मी भडकले. गरिबांची गाडी बंद करणारी कंपनी कसली, असं मोठ्यानं भाषणच केलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे अळणावरसाठी म्हणालीस की पट्टीसाठी?" फाटा राहिला, पण मी दोन दिवस त्यांच्याकडे गेले नाही. पुढे तिथेच दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या, कारण सिग्नल घ्यायचे आम्ही टाळले होते. मी लिहिलं, 'चूक आमची आहे.' आणि चित्र दाबलं. पट्टी दोन बोटं वर गेली, रोजच्याइतकीच. मी हिरमुसले. एवढं खरं लिहिलं, त्याचं काहीच नाही? काका म्हणाले, "तिला कुठं वाचता येतं? माणसांना येतं."

हल्ली मी पुस्तकं लिहिते, आणि मला फोन येतात. इंटरनेटवर पुस्तकाखालचे तारे वाढवून देतो, चार बरी मतं लिहून आणतो, नाव सांभाळतो तुमचं मॅडम. मी फोन आपटते आणि दिवसभर धुमसते. नाव सांभाळायची माझी शिकवणी फार महाग पडली आहे, आणि तिची फी मी भरली नाही, दुसऱ्यानं भरली.

मी दहावीत गेले त्या वर्षी काका निवृत्त होणार होते. त्यांच्या सोबत्यांनी शाळेच्या हॉलमध्ये निरोप समारंभ ठरवला आणि आमंत्रणाचं पत्रक काढायचं ठरलं. पाठपोट छापायचं, एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला मराठी, कारण वर्कशॉपात दोन्ही भाषांची माणसं. कन्नड मजकूर त्यांच्यातल्याच एकानं लिहिला. मराठी बाजू अर्थातच अप्पांकडे. पण अप्पा तेव्हा उत्तरपत्रिका तपासायला धारवाडला मुक्कामी होते. जाताना सांगून गेले, "मराठी मंजू करेल. येतं तिला." त्या एका वाक्यानं मला पंख फुटले. मी न जेवता बसले. कन्नड मजकुरात काकांची शिस्त होती, वेळ पाळणं होतं, आणि शेवटी रेल्वेचं जुनं सामान जमवण्याचा त्यांचा हव्यास होता. मी झोकात लिहिलं, 'रेल्वेच्या जुन्या सामानाचा त्यांना पहिल्यापासून हव्यास.'

मराठी वाचकाला पुढचं सांगायची गरज नाही. आमच्या मराठीत हव्यास पैशाचा असतो, सत्तेचा असतो, सोडता न सुटणारी ती हाव. मला हा अर्थ माहीत नव्हता असं नाही. आई तो शब्द दिवसातून एकदा तरी कुणाच्या ना कुणाच्या नावानं वापरायची. पण आईचा हव्यास स्वयंपाकघरात राहायचा आणि काकांचा त्यांच्या फळीवर, आणि त्या दोघांची कधी गाठ पडली नव्हती. मी ती घालून दिली, छापून. खिळे जुळवणाऱ्यानं जसंच्या तसं जुळवलं. तळाशी, छापखान्याला सवयच होती म्हणून, अप्पांचं पूर्ण नाव आणि पत्ता. पत्रकं मी स्वतः वाटली, दारोदार, दोन वेण्या उडवत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गिरमीट बांधून घ्यायला नाक्यावर गेले. तिथे जाधवमामा उभे होते. वर्कशॉपात फिटर, बोलायला तिखट, मनानं वाईट नाही. त्यांनी मला बघून मिरचीभज्याचा तुकडा मोडला आणि मोठ्यानं म्हणाले, "मंजे, तुझ्या अप्पाच्या लेखणीला तोड नाही की! आजवर पुष्कळांना हाणलं, पण निरोपाच्या पत्रकात हाणायचं म्हणजे!"

"कुणाला हाणलं, मामा?"

"बघा, आता मलाच विचारते! स्टोअरचा कारकून आणि 'रेल्वेच्या जुन्या सामानाचा हव्यास'! घरात पितळाच्या फळ्या भरल्यात ते काय आम्हाला दिसत नाही? पण छापायची छाती मास्तरांचीच."

बाकीचे हसले. त्यात एक कन्नड माणूस होता, त्याला हसण्याचं कारण कळेना. त्यानं खिशातून तेच पत्रक काढलं, कन्नड बाजू वाचली आणि म्हणाला, "सरि ऐतल्ला?" बरोबर तर आहे. जाधवमामांनी त्याच्या हातातला कागद उलटा केला आणि त्याला समजावून सांगायला लागले. त्याच्या चेहऱ्यावरचं कोडं सुटताना मी बघितलं. आधी कागदाच्या एका बाजूला काका देवमाणूस होते आणि दुसऱ्या बाजूला चोर. आता कागद उलटला होता.

सगळ्यात वाईट काय असेल, तर लोकांनी ते सहज मानलं. दुसऱ्या कुणाच्या नावानं ते पत्रक निघालं असतं तर मराठी कच्चं आहे म्हणून सोडून दिलं असतं. पण आमच्या घरातून निघणारा कागद कधी कुणाची स्तुती करतच नसे. वर्षानुवर्षं खरं बोलून अप्पांनी जे नाव कमावलं होतं, त्या नावाच्या जोरावर माझं खोटं गावभर चाललं.

मी घरोघर पत्रकं परत मागायला गेले. हा शुद्ध मूर्खपणा होता, पण मला दुसरं सुचलं नाही. पाटीलकाकूंनी त्यांचं पत्रक देव्हाऱ्याखाली अंथरलं होतं, दिव्याचं तेल सांडू नये म्हणून. मी मागितल्यावर त्यांनी ते उचलून घडी घातली आणि पदराखाली घेतलं. "परत कशाला गं? एवढं काय आहे त्यात?" आणि मी जिन्यावरून उतरायच्या आत वरून आवाज आला, "अहो, चष्मा कुठाय तुमचा? जरा हे वाचा बघू." ज्यांनी वाचलं नव्हतं त्यांनी त्या दिवशी वाचलं.

अंधार पडायच्या सुमाराला मी काकांकडे गेले. कॉम्प्युटरवर पोपटाचं झाकण घातलेलं होतं. काका खुर्चीत बसले होते, हातात पत्रक, मराठी बाजू वर. त्यांना देवनागरी अक्षरं जुळवून वाचावी लागत.

"मंजू," ते म्हणाले, "मराठीत हव्यास अंद्र एनवा?"

म्हणजे काय, एवढंच त्यांनी विचारलं. मी सांगितलं. खोटं सांगावंसं वाटलं, पण खोटं सांगायला आता उरलं होतं काय! आत कमलक्काच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं. मग काका मराठीत बोलले. माझ्याशी ते मराठीत फारसं बोलत नसत. "शब्द नसेल ठाऊक, बरं. मी ठाऊक होतो की तुला?"

मला आजवर पुष्कळ लोकांनी पुष्कळ बोललं आहे, भर सभेत, छापून. त्यातलं काही एवढं लागलं नाही.

अप्पा धारवाडहून आले, उभ्या उभ्याच पत्रक वाचलं आणि चष्मा काढून खिशात ठेवला. मला वाटलं मारतील. त्यांनी फक्त विचारलं, "खाली नाव कुणाचं आहे?" मी म्हणाले, "पण लिहिलं मी." ते म्हणाले, "नाव ज्याचं, चूक त्याची," आणि खुलासा लिहायला बसले. तासाभरात तो घेऊन शेजारी गेले. मी भिंतीला कान लावून उभी होते.

"माष्टर, हे छापू नका," काकांचा आवाज आला. "ज्याला ठाऊक नाही त्यालाही ठाऊक होईल. आणि ज्याला ठाऊक आहे तो म्हणेल, शेजारधर्म पाळला."

"खोटं छापून गेलंय, बसण्णा. त्याच्यासमोर खरं छापलंच पाहिजे."

"तुमचं खरं तुमच्याकडे ठेवा. मला निरोप नको, हार नको, शाल नको. मी हॉलवर येणार नाही."

अप्पा परत आले ते हरल्यासारखे. त्यांचा सगळा जन्म ज्या एका गोष्टीवर उभा होता, ती गोष्ट शेजारच्या माणसानं नको म्हणून परत केली होती. त्या आठवड्यात आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. आईची भाकरीसुद्धा हळू थापली जायची. मला कळून चुकलं होतं की या वेळी दाबायला कुठलं चित्र नाही, आणि काका निरोप न घेता घरी बसले तर त्या माणसाच्या नावापुढे ते कायमचं चिकटणार, की बघा, तोंड दाखवायला आला नाही.

शेवटी कमलक्कानं त्यांना आणलं. काय बोलली ते कुणाला माहीत नाही, पण समारंभाच्या दिवशी ती पुढे आणि काका मागे असे ते हॉलमध्ये शिरले. इस्त्रीचा पांढरा सदरा, खांद्यावर पंचा. टाळ्या पडल्या, पण त्या टाळ्यांत कुजबुज होती. भाषणं झाली. सगळ्यांनी शिस्त सांगितली, वेळ पाळणं सांगितलं, जुन्या सामानाबद्दल एकही जण बोलला नाही. ते न बोलणं ऐकवत नव्हतं. मी उठले. कुणी बोलावलं नव्हतं. टेबलाला धरून उभी राहिले आणि आधी कन्नडमध्ये, मग मराठीत सांगितलं की पत्रकाची मराठी बाजू अप्पांनी लिहिलेली नाही, मी लिहिली. कन्नड हव्यास म्हणजे छंद. मराठी हव्यास म्हणजे हाव. मी एक उचलून दुसऱ्याच्या जागी ठेवला. काकांनी कुणाचं काही घेतलं नाही, घेतलं ते मी, त्यांचं नाव.

काही बायका डोळे पुसायला लागल्या. काही पुरुष हसले, पोरीची फजिती म्हणून. आणि मागून कुणीतरी, चेहरा दिसला नाही, म्हणालं, "ते खरं गं बाळ. पण पितळ आलं कुठून?"

काका उभे राहिले. हार गळ्यात तसाच. "उद्या रविवार आहे," ते म्हणाले. "घरी या. बघून जा."

लोक आले. मला वाटलं होतं लाजेनं कुणी येणार नाही. रांग लागली. काकांनी सगळं अंगणात चादरींवर मांडलं होतं आणि प्रत्येक वस्तूखाली तिचा कागद सरकवला होता, लिलावाची चिठ्ठी, नाहीतर देणाऱ्याचं पत्र. सगळे कागद त्यांच्याकडे होते. असा माणूस कागद टाकत नाही. कमलक्का चहा देत होती, शेंगाहोळगी, म्हणजे दाण्याच्या पोळ्या, देत होती, सणासारखं. जाधवमामा उकिडवे बसले, एकेक कंदील उचलून खालचा कागद वाचू लागले, नंबर ताडून बघू लागले. मग उठून गुडघे झटकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जुळतंय की सगळं! माणूस सोनं आहे." त्यांनी ते मनापासून म्हटलं, माफी मागायची त्यांची ती रीत होती. लोकांनी माना डोलावल्या. काकांचं नाव त्यांना परत मिळालं. आणि मी काकांकडे बघत होते. ते भिंतीला टेकून उभे होते, वही तपासून घ्यायला आलेल्या पोरासारखे, हात मागे बांधून. एवढी नोकरी करून हा माणूस स्वतःच्या अंगणात झडती देत होता, आणि सगळे म्हणत होते की बरं झालं, शंका फिटली. मला तेव्हा जी चीड आली, ती अजून गेलेली नाही. त्यातली बरीच माझ्या स्वतःवरची आहे.

ऊन कलल्यावर गर्दी ओसरली आणि एक म्हातारा दारात आला. गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला पटका, पायांवर लाल माती. अळणावरच्या पुढच्या कुठल्याशा खेड्यातून पॅसेंजरनं आला होता. यल्लप्पा त्याचं नाव, रुळांवर गँगमध्ये काम करून निवृत्त झालेला. पत्रक, हॉल, कुजबुज, यातलं त्याला काही ठाऊक नव्हतं. बसण्णा निवृत्त झाले एवढंच त्याच्या कानावर गेलं होतं. त्यानं अंगणातल्या चादरींकडे बघितलं, खूश झाला, आणि कमरेची गाठ सोडून फडक्यातला पितळी बिल्ला काढला. दंडावर बांधायचा, नंबर कोरलेला, बोटांनी झिजून गुळगुळीत झालेला.

"माझ्यामागं पोरं हे विकतील," तो कन्नडमध्ये म्हणाला. "तुमच्याकडं असू द्या, साहेब. तुम्ही ठेवता."

काकांचा हात पुढे गेला, आणि थांबला. त्यांनी तो मागे घेतला. "चिठ्ठी लागेल, यल्लप्पा," ते म्हणाले.

म्हातारा हसला. "ना कोट्टेनि अंत बरीबेकेनरी?" मी दिलं, हे लिहायला पाहिजे का हो?

"बरीबेकु," काका म्हणाले. लिहायला पाहिजे. मग मराठीत, कुणाकडेही न बघता, "आता लिहावं लागतं."

अंगणात मी आणि कमलक्का दोघीच उरलो होतो. यल्लप्पाला लिहिता येत नव्हतं. काकांनी आत जाऊन कागद आणि पेन आणलं आणि माझ्यापुढे ठेवलं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान हलवली नाही, कागद थोडा माझ्या बाजूला सरकवला, इतकंच. मी चादरीच्या कडेला मांडी घालून बसले. यल्लप्पा सांगत गेला, त्याचं गाव, बापाचं नाव, बिल्ल्याचा नंबर, आणि आपण हा आपल्या खुशीनं देत आहोत. मी आधी कन्नडमध्ये लिहिलं, खाली मराठीत. म्हाताऱ्यानं शाईत अंगठा बुडवून दोन्हींखाली उठवला. मग मी मोठ्यानं वाचून दाखवलं, सावकाश, एकेक शब्द. काका डोळे मिटून ऐकत होते.

"परत वाच," ते म्हणाले.

मी परत वाचलं.